घाटात गेलेला टँकर दोन तास अकरा मिनिटं गायब का व्हायचा?

टँकरमधला ट्रॅकर चालू आहे, दिवे लागलेत, एसएमएस करून विचारलं तर अक्षांश-रेखांशासकट उत्तर येतंय. सर्व्हरच्या पडद्यावर मात्र गाडी ऑफलाइन. ट्रॅकर बसवणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हा प्रकार कधी ना कधी येतोच. आमच्याकडे तो रोज पहाटे यायचा, तोही एकाच रस्त्यावर. कराडहून चिपळूणला जाणारे दुधाचे टँकर हेळवाक सोडून कुंभार्ली घाटाला लागले की नकाशावरून पुसले जायचे, ते चिपळुणात दूध उतरवायला लागले तरी परत दिसायचे नाहीत.

डेअरीच्या साहेबांनी त्यांच्या परीने निदान करून टाकलं होतं: ड्रायव्हर वायर काढतो. घाटाखाली पोफळीत गाडी थांबवून काहीतरी उद्योग चालतात, असा त्यांचा पक्का समज. ड्रायव्हर बिचारा शपथा घेत होता, "सायेब, त्या डबड्याला मी हातबी लावला न्हाई." दोघांच्या मध्ये मी.

आमची यंत्रं साधीच होती, जीटी०६ प्रोटोकॉलची (सर्व्हरशी बोलायची त्यांची ठरलेली भाषा), टूजी मोडेमवाली. सर्व्हर लिनक्सवर. यंत्रांकडून येणारी पॅकेटं, म्हणजे माहितीचे तुकडे, घेणारा प्रोग्रॅम मी स्वतः पायथनमध्ये लिहिलेला. ट्रॅकार (Traccar) नावाच्या सर्व्हर-प्रोग्रॅमसारखी तयार आणि फुकट सोय असताना हा उपद्व्याप कशाला केला, ते विचारू नका. हौस होती.

घाटाकडे वळण्याआधी नेहमीच्या कारणांचा निकाल लावून टाकतो, कारण दहातल्या आठ वेळा दुखणं तिथंच निघतं.

पहिला प्रश्न: सर्व्हरवर एक तरी बाइट येतेय का?

डॅशबोर्ड उघडायला पाना हातात घेण्याआधी सर्व्हरवर बसा. उपग्रहाकडून जागा कळणं आणि ती जागा सर्व्हरला कळवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं जीपीएसचा भाग करतो, दुसरं मोडेम आणि सिम करतात. एसएमएसला उत्तर आलं म्हणजे पहिलं काम चालू आहे आणि सिमला रेंज आहे, एवढंच ठरतं. डेटा चालू आहे असं त्यातून ठरत नाही.

सर्व्हरवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्रॅम) लावा आणि आपल्या पोर्टवर, म्हणजे यंत्रांसाठी ठेवलेल्या नंबरी दारावर, काय येतंय ते पाहा. ट्रॅकार वापरत असाल तर जीटी०६चं पोर्ट ५०२३, आणि इतर यंत्रांपैकी टेल्टोनिकाचं ५०२७, एच०२चं ५०१३. चुकीच्या पोर्टवर यंत्र जोडलं तर बाइट येतात, पण त्यांचा अर्थ लावणारा भलताच असतो. वेबचं पान ज्या ८०८२ वर उघडतं, तेच पोर्ट यंत्रात भरून "येत नाही हो" म्हणणारे मी तीन-चार तरी पाहिलेत.

एकही बाइट येत नसेल तर एपीएन (सिमवरून इंटरनेटला जायचं सेटिंग), सिमचा डेटा, फायरवॉल (सर्व्हरच्या दारावरचा पहारा) आणि सर्व्हरचा पत्ता, या क्रमाने जा. जिओचं सिम टूजी यंत्रात चालत नाही, कारण जिओकडे टूजी नाहीच. यंत्रांसाठीचं तेरा आकडी एम२एम सिम असेल तर आणखी एक गोम असते. या सिमवर बहुतेक वेळा ठरावीक नंबरांशीच एसएमएस आणि काही योजनांत ठरावीक आयपी पत्त्यांशीच डेटा चालतो. सर्व्हर नव्या पत्त्यावर हलवला आणि सिम कंपनीला कळवायचं राहिलं, की सगळ्या गाड्या एकदम मुक्या होतात आणि यंत्रात काहीच दोष सापडत नाही. क्लाउडवरचं मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं आणि सार्वजनिक आयपी राखीव ठेवलेला नव्हता, तरी हेच. म्हणून यंत्रात आकडी पत्त्याऐवजी डोमेनचं नाव भरावं. मात्र काही यंत्रं ते नाव सुरू होताना एकदाच विचारून घेतात, त्यामुळे पत्ता बदलल्यावर त्यांना रीसेटचा एसएमएस पाठवावा लागतो.

बाइट येतात, पण जागा येत नाही

इथं जरा थांबू, कारण स्वतः सर्व्हर लिहिणारा प्रत्येक जण इथं एकदा आपटतो.

जीटी०६चं यंत्र जोडलं गेलं की आधी लॉगिन पाठवतं. हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकांत) ते ७८ ७८ ०डी ०१ असं सुरू होतं, पुढं आठ बाइटमध्ये आयएमईआय (यंत्राचा ओळख क्रमांक), दोन बाइटचा अनुक्रमांक, दोन बाइटचा सीआरसी (चूक पकडायचा पडताळा-आकडा) आणि शेवटी ०डी ०ए. एकूण अठरा बाइट. सर्व्हरने याला दहा बाइटचं उत्तर द्यायचं असतं. अनुक्रमांक ०००१ असेल तर उत्तर असं: ७८ ७८ ०५ ०१ ०० ०१ डी९ डीसी ०डी ०ए. हे मिळेपर्यंत यंत्र जागा पाठवतच नाही. लॉगमध्ये ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा फक्त लॉगिनच दिसत असेल, तर यंत्राला कोणी 'ये, बस' म्हटलेलं नाही असं समजा. उत्तरातला अनुक्रमांक यंत्राने पाठवलेलाच असला पाहिजे, आणि सीआरसी लांबीच्या बाइटपासून अनुक्रमांकापर्यंतचाच काढायचा. सुरुवातीचे ७८ ७८ त्यात धरले की उत्तर बाद.

दुसरी चूक पॅकेट तोडण्याची. टीसीपी, म्हणजे ज्या जोडणीतून हे बाइट येतात ती, हा नळ आहे, त्यातून बाटल्या येत नाहीत, पाणी येतं. एका वाचनात दोन पॅकेटं चिकटून येतील, कधी एकाचं अर्धंच येईल. ०डी ०ए दिसलं की तोडायचं, ही युक्ती करू नका. हेच दोन बाइट एखाद्या अक्षांशाच्या पोटातही असू शकतात. तिसरी बाइट लांबी सांगते, तिच्यावर विश्वास ठेवा.

आयएमईआय पंधरा आकडी, आणि आठ बाइटमध्ये सोळा आकडे बसतात. म्हणून पुढं एक शून्य लागतं. ते शून्य एका ठिकाणी ठेवलं आणि दुसरीकडे काढलं, की लॉगमध्ये अनोळखी यंत्र. एक्सेलच्या यादीतून नंबर चिकटवताना तो ८.६८ई+१४ असा होऊन बसलेला नाही ना, हेही बघा. हसू नका, एका रात्रीत वीस यंत्रांची नोंद मी अशीच केली होती.

जागा येते पण भलतीकडे दिसते, हा प्रकार त्यातल्या त्यात गमतीचा, कारण चूक स्वतःहून नाव सांगते. गाडी आफ्रिकेजवळ गिनीच्या आखातात दिसली तर अक्षांश-रेखांश दोन्ही शून्य आलेत, म्हणजे उपग्रह मिळालेले नसताना आपण पॅकेट खरं मानलंय. हिंदी महासागराच्या मध्यात दिसली तर उत्तर-दक्षिण सांगणारा बिट उलटा वाचलाय. गाडी पुण्यात आणि ठिपका चाळीसेक किलोमीटर नैऋत्येला असेल, तर अंश-मिनिटांचा घोळ: १८ अंश ३१.२ मिनिटं म्हणजे १८.५२ अंश, १८.३१२ नव्हे. हा घोळ मजकुराच्या रूपात पाठवणाऱ्या यंत्रांत होतो. जीटी०६मध्ये आलेल्या आकड्याला सरळ १८ लाखांनी भागायचं, की अंश मिळतात.

वेळेचंही तसंच. साडेपाच तासांचा फरक आला तर यंत्र भारतीय वेळ पाठवतंय आणि सर्व्हर ती यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजतोय, किंवा उलट. बरोबर आठ तास पुढं असेल तर यंत्रात अजून चीनची वेळ आहे. आणि तारीखच एकोणीस-वीस वर्षं मागची असेल तर जीपीएसच्या आठवड्यांचा १० बिटांचा आकडा १०२४ वर पोचून शून्य झालेला आहे. असं एप्रिल २०१९ मध्ये झालं, आणि जुन्या फर्मवेअरच्या यंत्रांना अजून ते उमगत नाही. सर्व्हरने 'भविष्यातली' किंवा 'फार जुनी' पॅकेटं टाकून द्यायचं ठरवलेलं असेल, तर अशी गाडी कुठलीही कुरकूर न करता गायब होते.

आता घाट

आमच्या टँकरांना वरचं काहीच लागू नव्हतं. पाटणपर्यंत दर तीस सेकंदांनी व्यवस्थित ठिपका, कोयनानगरपर्यंत ठीक, मग हेळवाकच्या पुढं अंधार. घाटात आमच्या सिमला रेंज नसते, हे माहीत होतं. त्याबद्दल तक्रारच नव्हती. प्रश्न असा होता की खाली पोफळीला, अलोऱ्याला फोन लागतो, ड्रायव्हर बोलतो, यंत्र एसएमएसला उत्तर देतं, आणि तरी सर्व्हरवर शुकशुकाट.

तीन आठवडे मी जे करायला नको ते केलं. सिमं बदलली. अँटेना बदलली. पुणे रस्त्यावर धावणाऱ्या टँकरचं यंत्र काढून चिपळूणच्या टँकरला लावलं. तेही आजारी पडलं. चिपळूणचं पुण्याच्या गाडीला लावलं, ते ठणठणीत. त्या रस्त्यावर खंबाटकीचा बोगदा आहे खरा, पण गाडी आत शिरते न शिरते तोच बाहेर. एवढ्याने काही बिघडत नाही. याचा अर्थ यंत्र निर्दोष, हे मला तिथंच कळायला हवं होतं. कळलं नाही.

शेवटी एका रविवारी दोन महिन्यांच्या नोंदी काढून फक्त गायब असण्याचे काळ एकाखाली एक लिहिले. रेंज हे कारण असतं तर आकडे विस्कळीत यायला हवेत; कधी पाऊण तास, कधी दीड. तसे ते नव्हतेच. दोनच गठ्ठे पडले. एक पंधरा ते वीस मिनिटांचा. दुसरा दोन तास अकरा मिनिटं आणि वर थोडी मिनिटं. रोज. पावसात तेच, उन्हात तेच. निसर्ग इतका वक्तशीर नसतो. एवढा नेमका आकडा आला म्हणजे कुठल्यातरी प्रोग्रॅममध्ये कोणीतरी तो लिहून ठेवलेला आहे.

लिनक्समध्ये टीसीपीची जोडणी जिवंत आहे का, हे तपासायला किपअलाइव्ह नावाची सोय असते. ती चालू केली की ७२०० सेकंद शांततेत गेल्यावर पहिली हाक जाते, मग ७५ सेकंदांच्या अंतराने एकूण नऊ हाका, आणि कुणीच ओ दिली नाही तर जोडणी मेली असं जाहीर होतं. ७२०० अधिक ९ गुणिले ७५, बरोबर ७८७५ सेकंद. दोन तास, अकरा मिनिटं, पंधरा सेकंद.

कागदावर हा गुणाकार करताना अंगावर काटा आला, खोटं सांगत नाही.

पण मेलेली जोडणी मरू दे की, यंत्र नवी जोडणी करेल! तिथंच माझा स्वतःचा हात निघाला. वर्षभरापूर्वी आमच्याकडे एक टँकर मिनिटाला कराड आणि मिनिटाला दीडशे किलोमीटर लांब असा उड्या मारायचा. स्वस्तातल्या यंत्रांत एकच आयएमईआय दोन डब्यांना दिलेला निघाला होता. तेव्हा वैतागून मी सर्व्हरमध्ये नियम घातला: एखादा आयएमईआय आधीच जोडलेला असेल तर त्याच आयएमईआयचं दुसरं लॉगिन घ्यायचं नाही, जोडणी तोडायची. त्या दिवशी उड्या थांबल्या, आणि मी तो नियम विसरलो.

आता घाटात काय घडायचं बघा. रेंज पूर्ण जाते, मोडेम मोबाइल जाळ्यातून बाहेर पडतो. 'मी निघालो' असं सांगणारं टीसीपीचं पॅकेट सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. सर्व्हरच्या लेखी टँकर अजून जोडलेलाच आहे, फक्त गप्प आहे. पोफळीला रेंज आली की यंत्राला नवा पत्ता मिळतो, ते नव्याने लॉगिन पाठवतं, आणि माझा प्रोग्रॅम दारावरच्या रखवालदारासारखा म्हणतो, "या नावाचे गृहस्थ आत बसलेत." यंत्र पुन्हा प्रयत्न करतं, पुन्हा हाकललं जातं. दोन तास अकरा मिनिटांनी लिनक्स आतल्या भुताच्या मृत्यूचा दाखला देतो, तेव्हा खऱ्याला प्रवेश.

मग पंधरा-वीस मिनिटांचा गठ्ठा कुठून आला? त्यानेही मला बराच वेळ छळलं. जीटी०६च्या साध्या जागेच्या पॅकेटला सर्व्हर उत्तर देत नाही, पण हार्टबीटला ('मी जिवंत आहे' असं ठरावीक वेळाने कळवणाऱ्या पॅकेटला) देतो. रेंज जाता जाता यंत्राने शेवटचा हार्टबीट पाठवला असेल आणि माझं उत्तर वाटेत अडकलं असेल, तर लिनक्सकडे न पोचलेला माल शिल्लक राहतो. अशा वेळी किपअलाइव्ह चालत नाही, पुन्हा पाठवण्याचं घड्याळ चालतं. ते पंधरा प्रयत्न करतं आणि किमान ९२४ सेकंदांनी, म्हणजे साधारण साडेपंधरा मिनिटांनी हात टेकतं. मोबाइल जाळ्यावर थोडं जास्तच. थोडक्यात, शेवटचं पॅकेट हार्टबीटचं होतं की जागेचं, यावर टँकर पाव तास हरवणार की दोन तास, हे ठरत होतं. आणि साहेब ड्रायव्हरला जबाबदार धरत होते.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर सर्व्हरवर 'एसएस' हा आदेश टी, एन आणि ओ हे तीन पर्याय देऊन चालवा. प्रत्येक जोडणीपुढं तिचं घड्याळ दिसतं. टँकर पोफळीत उभा असताना मी तो चालवला, तर त्याच्या नावे दोन ओळी हव्या होत्या. एकच होती, जुनी, आणि तिच्यापुढं किपअलाइव्हची चाळीसेक मिनिटं शिल्लक.

दुरुस्ती

नियम उलटा केला. त्याच आयएमईआयचं नवं लॉगिन आलं तर नवं खरं, जुनी जोडणी आपण तोडायची. हा बदल चार ओळींचा. तेवढ्याने घाटाचं दुखणं नव्वद टक्के गेलं.

बाकी दोन गोष्टी केल्या. प्रत्येक जोडणीवर वाचनाची मुदत लावली: हार्टबीट तीन मिनिटांचा आहे, तर आठ मिनिटं काहीच आलं नाही की जोडणी बंद. आणि त्या जोडणीपुरता किपअलाइव्ह १२० सेकंद, ३० सेकंद, चार हाका असा आवळला. अख्ख्या मशीनचं सेटिंग बदलू नका, त्यावर डेटाबेसही चालत असतो. मुदत ठेवताना हार्टबीटच्या दुपटीपेक्षा कमी ठेवू नका, नाहीतर इंजिन बंद करून उभ्या असलेल्या गाड्या विनाकारण जोड-तोड करत बसतात आणि सिमचा डेटा संपवतात. हार्टबीट फार लांबही नको. मोबाइल कंपनीच्या मधल्या एनएटीला (अनेक सिमांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवणाऱ्या सोयीला) शांत जोडणी विसरायची सवय असते, मग घाट नसतानाही हेच नाटक कराडच्या डेपोत घडतं.

जुळ्या आयएमईआयचा बंदोबस्त वेगळा केला. दहा मिनिटांत त्याच आयएमईआयने तीनपेक्षा जास्त वेळा आलटून पालटून जोडणी केली आणि दोन जागांमधलं अंतर गाडीला कापणं शक्य नसेल, तर मला एसएमएस. दार बंद करायचं नाही, फक्त घंटा वाजवायची.

एक उपद्रव मात्र दुरुस्तीनंतरच उघडा पडला. रेंज नसताना यंत्र ठिपके स्वतःच्या पोटात साठवतं आणि जोडणी झाली की ओततं. आमची यंत्रं ताजा ठिपका आधी पाठवून मग जुने ओतायची. माझा प्रोग्रॅम जो शेवटी आला तो आत्ताचा, असं धरायचा. त्यामुळे टँकर चिपळुणात दिसायचा आणि पुढच्या सेकंदाला उलटा पळत हेळवाकला. 'सध्या कुठे' हे ठरवताना पॅकेट कधी पोचलं ते बघायचं नाही, यंत्राने उपग्रहाकडून घेतलेली वेळ बघायची, आणि हातातल्यापेक्षा जुनी असेल तर फक्त इतिहासात जमा करायची. काही नव्या यंत्रांच्या पॅकेटमध्ये हा ठिपका ताजा की साठवणीतला, हे सांगणारी बाइटही असते.

याच साठवणीने ड्रायव्हरची सुटका केली. 'गायब' असलेल्या दोन तासांचे सगळे ठिपके उशिरा का होईना आलेले होते, पहिल्या दिवसापासून. वायर काढली असती तर यंत्राने वीज तुटल्याचा अलार्म पाठवला असता, आणि दोन महिन्यांत तो एकदाही नव्हता. ती सगळी यादी छापून मी साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा लावून पानं उलटली आणि म्हणाले, "मग हे पोफळीत रोज बावीस मिनिटं?"

"चहा," ड्रायव्हर म्हणाला. "आन् ब्रेक गार करतो, सायेब. घाट उतरून आल्यावर."